तुतीचे ताट

मित्रांनो, मला पाहून मी कोण आहे हे बहुतेकांना कळत नाही. कुणाला मी पाण्याचा पंप वाटतो, कुणाला मोडकी शिलाई मशीन. एका पाहुण्याने तर एकदा आंघोळीनंतर आपला ओला टॉवेल माझ्यावर वाळत घातला होता. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एक जुना लेथ आहे, लाकूड कातायचा लेथ.

माझे अंग बिडाचे आहे, लांब आणि जड. एका टोकाला माझे डोके आहे आणि डोक्यातून दोन्ही बाजूंना एक पोलादी दांडा बाहेर येतो. त्या दांड्यावर लाकूड बसवायचे आणि बटण दाबायचे. मग मोटारीचा पट्टा फिरतो, पट्ट्याबरोबर दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर लाकूड. समोर एक टेकू असतो. कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, त्या टेकूवर आपली पटाशी ठेवतो आणि नको असलेले लाकूड सोलून काढतो. घडवणारा तो. माझे काम फक्त फिरवण्याचे आणि पाहण्याचे.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात वितळलेले बीड ओतले गेले, तिसऱ्या दिवशी साचा फोडला आणि मी बाहेर आलो. तिथून मला फर्निचरच्या एका कारखान्यात नेले. आम्ही बारा लेथ एका रांगेत उभे होतो आणि मी सातवा होतो. अठरा वर्षे मी टेबलांचे पाय फिरवले. माझ्याकडे यायच्या त्या चौकोनी, कोरड्या, एकसारख्या दांड्या. त्यांना ना साल असे, ना गाठ, ना वास. लाकूड झाडापासून मिळते हे मी ऐकून होतो, पण खरे सांगतो, झाड कसे असते ते मला ठाऊकच नव्हते.

माझ्यापुढे उभा राहणारा कातारी शांत माणूस होता. काम करताना तो हसत नसे की गुणगुणत नसे. त्याची पटाशी मात्र लोण्यातून जावी तशी लाकडातून जाई. बाकीचे कामगार मोजपट्टी लावून पाहत, तो नुसता अंगठा फिरवून पाहत असे.

एका दिवशी फार थंडी होती. मुकादमाने सगळ्यांना सुती हातमोजे वाटले आणि दुपारच्या सुट्टीआधी चाळीस पाय झालेच पाहिजेत असे बजावले. फिरत्या यंत्रासमोर हातमोजा घालायचा नसतो, हे माझा कातारी जाणून होता. पण त्याची बोटे गारठली होती आणि पटाशी हातात ठरत नव्हती. सदतिसाव्या पायाला पॉलिश पेपर लावताना हातमोज्याचा एक सुटा धागा लाकडात अडकला. धाग्यामागे हातमोजा आला, हातमोज्यामागे हात. मित्रांनो, माझ्यात बळ आहे, पण आपणहून थांबणे माझ्यात नाही. कुणीतरी बटण दाबेपर्यंत मी फिरतच राहतो. शेजारच्या कामगाराने धावत येऊन बटण दाबले, तोवर कातारीच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले होते.

त्यानंतर तो कारखान्यात आला नाही. माझ्यापुढे दुसरे हात आले आणि गेले. पुढे कारखान्यात आपोआप चालणारी नवी यंत्रे आली आणि आम्हा बाराही जणांना मागच्या अंगणात भंगारात टाकले. माझ्या पोटात पाणी साचे. दांड्यावर गंजाचा थर चढला.

एका सकाळी अंगणात ओळखीची पावले वाजली. कातारी आमच्या रांगेतून चालत आला. पहिल्या सहांकडे त्याने पाहिले नाही. माझ्यापाशी थांबून त्याने आपल्या तीन बोटांच्या हाताने माझ्या दांड्यावरची चकती फिरवली. ती करकरली.

"ह्याला मी नेतो," तो भंगारवाल्याला म्हणाला.

हातगाडीवरून मी त्याच्या घरी पोहोचलो, तेव्हा त्याची बायको दारात उभी होती. ती उंच, सडसडीत होती आणि बोलायला एकदम थेट.

"हा तोच ना?" तिने विचारले.

"तोच."

"ज्यानं बोटं खाल्ली त्यालाच घरात आणलंत? जगात दुसरा लेथ मिळेना?"

"हातमोजा माझा होता. ह्याचा काय दोष? आणि ह्याचा आवाज मला पाठ आहे. नवा घेतला तर त्याची ओळख करून घेण्यातच माझा उरलेला जन्म जाईल."

"मग बसा त्याच्याशीच बोलत. त्या खोलीचा उंबरठा मी ओलांडायची नाही. सांगून ठेवते."

ती शब्दाची पक्की होती. चार वर्षे तिने माझ्या खोलीत पाऊल टाकले नाही. जेवणाचा डबा ती उंबरठ्यावर ठेवी आणि तिथूनच हाक मारी. ती मला पाण्यात पाहत असे आणि माझ्या नावाने बोटे मोडत असे. मला ते ऐकू येई. मी काय बोलणार?

कातारीने रॉकेल लावून माझा गंज उतरवला, नवा पट्टा चढवला, जागोजागी तेल घातले. पण कातायला लाकूड कुठून आणायचे? कापीव लाकूड आणण्याची ऐपत नव्हती. तेवढ्यात एक दिवस रस्ते खात्याचा ट्रक गल्लीत आला. वाऱ्याने पडलेल्या फांद्या उचलणे हे त्या ट्रकवाल्याचे काम होते. सगळे त्याला फांदीवाला म्हणत. कातारीने त्याला हटकले.

"हे सगळं कुठं नेता?"

"खड्ड्यात. तिथं पेटवून देतात," फांदीवाला म्हणाला. "तुम्हाला हवं? पाहिजे तेवढं घ्या दादा, माझी तेवढीच खेप वाचेल."

अशा रीतीने माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक ओंडका आला. त्याला साल होती, सालीवर शेवाळ होते, आणि एका बेचक्यात मुंग्यांचे सोडून दिलेले घर होते. कातारीने तो माझ्या दांड्यावर बसवला. मी फिरू लागलो. पटाशी टेकताच लाकडातून पाणी उडाले आणि थेट भिंतीवर त्याची ओळ उमटली. झाड पडून आठवडा झाला होता, तरी आत पाणी होते! मग लांबच लांब, ओल्या, मऊ फिती सुटू लागल्या. त्या कातारीच्या खांद्यावरून, केसांवरून जमिनीवर पडत होत्या. खोली कसल्याशा हिरव्या वासाने भरून गेली. आत रंगच रंग होते. बाहेर पांढरट, मग पिवळसर, मग मध्यभागी गडद तपकिरी, आणि फांदी जिथून फुटली होती तिथे पाण्यातल्या भोवऱ्यासारखी फिरलेली रेघ.

कातारीने मला थांबवले. तो कितीतरी वेळ त्या भोवऱ्याकडे पाहत उभा राहिला. अठरा वर्षांत मी हजारो पाय फिरवले होते आणि असे काही मला एकदाही दिसले नव्हते. मला वाटते, त्यालाही नाही.

त्या दिवसापासून त्याने एक नियम धरला. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. जे वाऱ्याने पडले, जे आपणहून वाळले, जे रस्त्यासाठी आधीच तोडले गेले, तेवढेच घ्यायचे. सुरुवातीला ती गरज होती. पुढे पुढे ती श्रद्धा झाली.

काम मात्र सोपे नव्हते. डावा हात टेकूवर पटाशी धरून ठेवतो, आणि त्याच हाताची बोटे गेलेली. पटाशी उसळे, वाटी फुटे, तुकडे भिंतीवर आपटत. त्याने पहिल्या वर्षी जेवढे घडवले त्याहून जास्त फोडले. हळूहळू तो तळहाताच्या कडेने पटाशी दाबायला शिकला.

आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होते. तिथून अधूनमधून आवाज येई, "अहो, पटाशी बोथट झालीय तुमची."

कातारी धार पाही. खरोखरच ती बोथट झालेली असे. "तुला कसं कळलं?"

"कानानं. मघापासून लाकूड कुरकुरतंय."

खोलीत न येता, मला न पाहता, ती माझा आवाज वाचायला शिकली होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते.

मित्रांनो, आता मी तुम्हाला तुतीच्या झाडाची गोष्ट सांगतो.

गावात एक छोटे प्रसूतिगृह होते. त्याच्या अंगणात तुतीचे जुने झाड होते. आत बायका बाळंत होत आणि बाहेर त्यांचे नवरे त्या झाडाखाली येरझारा घालत. फळांच्या दिवसांत त्यांच्या चपला जांभळ्या होत. एका वादळात ते झाड मुळासकट आडवे झाले. सुदैवाने झाडाखाली त्या वेळी कुणी नव्हते.

दुसऱ्याच दिवशी फांदीवाल्याच्या ट्रकमधून बुंध्याचा एक मोठा गोल आला आणि ट्रकमध्ये पुढे फांदीवाल्याशेजारी पांढऱ्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. त्या प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर. खाली उतरून त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"भाऊ, बाळांच्या वजनकाट्याला पत्र्याचं ताट आहे. नुकतं जन्मलेलं, ऊबेतून आलेलं लेकरू आम्ही त्या गार पत्र्यावर ठेवतो. कितीही फडकी घाला, ते दचकतंच. एकतीस वर्षं मी ते दचकणं बघतेय. मला ह्या झाडाचं लाकडी ताट करून द्याल?"

कातारीने बुंध्यावर हात ठेवला. "रोज धुवावं लागेल ना?"

"गरम पाण्यानं पुसू. रोज."

"पुसा. उकळू मात्र नका. आणि केवढं हवं?"

"पावणेदोन फूट. पण एक अट आहे." सिस्टरांनी पिशवीतून जुने ताट काढले. "हे एक किलो नऊशे ग्रॅम आहे. काट्याचं शून्य ह्या वजनावर बसवलंय. तुमचं ताट जड झालं तर पोर जड दिसेल, हलकं झालं तर पोर हलकं दिसेल. खाली एक स्क्रू आहे, पण तो पन्नास ग्रॅमच सांभाळतो. आणि आमच्याकडे शंभर ग्रॅमवरून काळजी सुरू होते."

कातारीने दोन्ही हातांनी जुने ताट तोलून पाहिले. मला धडकी भरली. लाकूड घडवायचे आणि ते काट्यावर पत्र्याइतकेच भरायचे, असे काम आम्हाला कुणी सांगितले नव्हते. शिवाय पावणेदोन फूट म्हणजे माझ्या आजवरच्या कामांत सगळ्यांत मोठे. एवढे लाकूड निसटले तर दोन बोटांवर भागणार नव्हते.

"वर्ष लागेल," तो शेवटी म्हणाला.

"मी चौदा महिन्यांनी निवृत्त होतेय," सिस्टर म्हणाल्या. "त्याआधी एक तरी पोर त्यात ठेवून बघायचंय."

बुंधा मधोमध चिरला आणि त्याची दोन अर्धी झाली. चिरताक्षणी आतून असा पिवळा रंग बाहेर आला की जणू अंधाऱ्या खोलीत कुणी दिवा आणून ठेवला. हळदीहून उजळ, नव्या पितळेसारखा. फांदीवाला चिराईला मदत करत होता. तो करवत धरूनच थबकला. "मी आत्तापर्यंत किती तुती जाळल्या असतील हो," तो म्हणाला.

ताट मोठे होते म्हणून कातारीने ते माझ्या डोक्याच्या बाहेरच्या अंगाला बसवले आणि समोर लोखंडी घडवंचीचा नवा टेकू केला. मी अगदी सावकाश फिरत होतो. पहिल्या दिवशी सगळे काम जाड ठेवायचे होते, तीन बोटे जाड. लाकूड ओले असते. आधीच पातळ केले तर सुकताना फाटते. म्हणून दोन्ही अर्ध्यांची दोन जाडजूड ताटे झाली. त्यांच्या काठांना मेण लावून त्यांना गोणपाटात, त्यांच्याच भुशात पुरून ठेवले. दर रविवारी कातारी ती बाहेर काढी, वजन करी आणि खडूने भिंतीवर आकडा लिही. आकडा दर आठवड्याला उतरत असे. लाकूड श्वास सोडावा तसे पाणी सोडत होते.

तिसऱ्या महिन्यात भर दुपारी गोणपाटातून बंदुकीसारखा आवाज आला. एक ताट काठापासून मध्यापर्यंत उभे फाटले होते.

कातारी जमिनीवर बसला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय फुटलं?"

"एक गेलं."

मग ती म्हणाली, "दुसरं आहे ना अजून?"

"आहे."

"मग त्याला खिडकीपासून लांब ठेवा. वारा लागतोय तिथं. मला पहिल्यापासून वाटत होतं."

दुसरे ताट आतल्या कोपऱ्यात गेले. भिंतीवरचे आकडे उतरत उतरत तेराव्या महिन्यात एका जागी थांबले. सलग चार रविवार एकच आकडा. आता लाकूड कोरडे झाले होते. मात्र सुकताना ते आकसून लंबुळके झाले होते आणि त्याला पुन्हा गोल करायचे होते. सिस्टरांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

त्या सकाळी कातारीने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, अंगठी काढून ठेवली आणि मला सुरू केले. लंबुळके ताट डगमगत फिरू लागले. हळूहळू उंचवटे गेले आणि ते स्थिर झाले. बाहेरची बाजू झाली. मग आतली. ताटाची भिंत पातळ होऊ लागली तसा माझा आवाज बदलत गेला. आधी तो घोगरा होता, मग मोकळा झाला, मग घंटेसारखा. मलाच माझ्या आवाजाचे नवल वाटत होते. कातारी दर थोड्या वेळाने ताट उतरवून वजन करी आणि पुन्हा चढवी. तीन किलो. दोन किलो आठशे. दोन किलो सहाशे.

"अहो, थांबा."

आवाज भिंतीपलीकडून आला होता. पण कातारीचे लक्ष पटाशीच्या टोकावर होते.

"थांबा म्हणते ना! बंद करा आधी!"

त्याने बटण दाबले. मी हळूहळू थांबलो. आणि तेव्हा, मित्रांनो, चार वर्षांत पहिल्यांदा ती उंबरठा ओलांडून आत आली. तिचे हात ओले होते. ते तिने पदराला पुसले आणि सरळ माझ्यापाशी आली.

"काय झालं?" कातारीने विचारले.

"टकटक ऐकू येत नाही तुम्हाला? दर फेऱ्याला एक टक."

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्ही फार जवळ आहात." तिने बोटाच्या पेराने ताटाच्या काठावर ठोठावले. टण्. जरा पुढे, टण्. आणखी पुढे, टण्. मग एके ठिकाणी बद्द असा आवाज आला. तिने तिथे नख फिरवले. नख किंचित अडकले. काठापासून बोटभर खाली केसाएवढी चीर गेली होती. आणखी दहा-बारा फेऱ्यांत ताट तिथून उकलले असते आणि त्याचा अर्धा भाग समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आला असता.

कातारी स्टुलावर बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. तो तिथे आहे हे बहुधा तिच्या ध्यानातच नव्हते.

"संपलं," कातारी म्हणाला. "काठ उडवावा लागेल. काठ गेला की वजन जाईल. मग काटा कसा जमायचा?"

तिने ताटाखाली हात घातला आणि बूड चाचपले. "इथं तर अजून चांगलं दोन बोटं लाकूड आहे."

"ते शेवटी काढायचंय."

"मग सगळं काढू नका. जेवढं काठाचं गेलं तेवढं बुडाशी राखा. खोलगटपणा कमी होईल, होऊ दे. पोराला काय विहिरीत ठेवायचंय?"

कातारी तिच्याकडे पाहतच राहिला. मग हसला. मी त्याला काम करताना कधी हसताना पाहिले नव्हते.

"आता जाऊ नकोस," तो म्हणाला. "तिथंच उभी राहा. ऐकत राहा."

ती माझ्या मागच्या बाजूला, तुकडा उडाला तरी लागणार नाही अशा जागी उभी राहिली. कातारीने काठ उतरवायला घेतला. ती डोळे मिटून ऐकत होती. "अजून आहे टकटक... अजून आहे... कमी झाली... गेली." त्याने पटाशी उचलली. ताट पुन्हा घंटेसारखे वाजत होते. पुढचे दोन दिवस दोघे मिळून ते उतरवत, तोलत, पुन्हा चढवत राहिले. शेवटचे पाच ग्रॅम पॉलिश पेपरने काढले. शुक्रवारी तराजूच्या एका बाजूला जुने पत्र्याचे ताट आणि दुसऱ्या बाजूला तुतीचे ताट ठेवले. तराजू जरा हलला आणि मधोमध उभा राहिला.

ताट घेऊन ती गेली. कातारीचा धीर झाला नाही. तो माझ्याशेजारी स्टुलावर बसून राहिला आणि उगाच माझ्या कोरड्या नसलेल्या जागांना तेल घालत राहिला. पुढचे सारे मी तिच्या तोंडून ऐकले.

"बसवलं सिस्टरनी," ती दारातूनच सांगू लागली. "जुनं ताट बसवलं होतं ना, त्याच भोकांत. काटा शून्यावर. त्यांनी दोनदा बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. मग एक बाई बाळंत झाली. मुलगी. रडून नुसता गोंधळ घातला होता तिनं. सिस्टरनी एक पातळ फडकं घातलं आणि ठेवली तिला."

"मग?"

"दचकली नाही हो."

कातारीने तेलाचा डबा खाली ठेवला.

"रडत होती, ती राहिली. अशी मान वळवली. मग हात बाहेर काढला आणि काठ धरला. एवढी एवढी बोटं, पाचही काठावर. दोन किलो आठशे. सिस्टरनी आकडा लिहिला, पण उचलायलाच तयार होईनात तिला. आम्ही चार-पाच बायका नुसत्या उभ्या."

कातारीने आपला डावा हात मांडीवर पालथा ठेवला होता. तो तसाच बसून राहिला. तिने माझ्या डोक्यावर पडलेली एक पिवळी फीत उचलली आणि त्याच्या शेजारी बसली.

ते ताट त्या काट्यावर बावीस वर्षे होते. तुतीचे लाकूड उजेडात रंग बदलते. पितळेचा पिवळा गेला, मग मधाचा रंग आला, मग गुळाचा. पुढे आकडे आपोआप दाखवणारे नवे काटे आले आणि ताट काढून ठेवले गेले. तोवर गावातली किती माणसे त्या झाडात आडवी झाली असतील, त्याची मोजदाद कुणाकडे नाही.

ती मात्र त्यानंतर रोज माझ्या खोलीत येऊ लागली. आधी ऐकायला, मग धार लावायला, मग एक दिवस पटाशी तिच्या हातात आली. लोक लांबून त्यांचे काम पाहायला येत. वाट्या, करंडे, दिव्यांचे खांब. आलेला माणूस वाटी हातात घेई आणि नकळत त्याचा आवाज खाली येई. माझी स्तुती कुणी करत नसे, पण मला चालत असे.

मग कातारी थकला आणि एका हिवाळ्यात गेला. तिने माझी खोली बंद केली. मित्रांनो, ती सहा वर्षे फार लांब होती. पट्टा सैल पडला. भुशात उंदरांनी पिले घातली. दांड्यावर पुन्हा गंज चढला. मला वाटले, आता पुन्हा भंगाराचे अंगण.

गेल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी एक वठलेले झाड कोसळले. रस्ते खात्याचा नवा ट्रकवाला त्याचे तुकडे करून भरत होता. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालेली ती काठी टेकत तिथवर गेली.

"आई, हे कुजलंय," ट्रकवाला म्हणाला. "बुरशी लागलीय आत. चुलीतही नीट पेटायचं नाही."

तिने एका ओंडक्यावर ठोठावले, कान दिला. दुसऱ्यावर ठोठावले. "हा आणून टाक माझ्याकडे," ती म्हणाली.

ओंडक्याबरोबर तिने माझ्या खोलीचे दार उघडले. तीन दिवस ती रॉकेल आणि चिंधी घेऊन माझ्यापाशी बसली. नवा पट्टा ट्रकवाल्याने चढवून दिला. बुरशीची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तिने नाकातोंडाला फडके बांधले, ओंडका बसवला आणि बटण दाबले. माझा पहिला आवाज ओरडल्यासारखा निघाला. मग तो बसला.

वरचा कुजका थर उडून गेला. खाली लाकूड फिकट होते आणि त्यावर काळ्या रेघा होत्या, बारीक, टाकाने ओढाव्यात तशा. बुरशी लाकडात जिथवर चालत गेली होती, तिथवर तिने आपल्या सीमा आखल्या होत्या. त्या रेघा एकमेकींना भेटत, वळत, बेटे करत, नद्या करत वाटीच्या आतून तळापर्यंत उतरत होत्या. एकही रेघ दुसरीसारखी नव्हती. मी आयुष्यभर लाकूड फिरवले आहे. मला वाटत होते, मी सगळे पाहिले.

तिने मला थांबवले. फडके खाली केले. मग ती काठीही न घेता गल्लीत गेली आणि दारोदार हाका मारू लागली. "या हो जरा. बघून जा. दोन मिनिटं."

लोक आले. समोरचा घड्याळजी भिंग कपाळावर चढवून आला. शेजारची सून पिठाचे हात तसेच घेऊन आली. ट्रकवाला टोपी हातात धरून दारात उभा राहिला. माझ्या खोलीत एवढी माणसे कधीच आली नव्हती, आणि एवढी शांतताही कधी नव्हती. घड्याळजीने भिंग डोळ्याला लावले आणि एका काळ्या रेघेचा माग धरला. ती कुठे संपते ते त्याला सापडेना.

"आई," ट्रकवाला हळूच म्हणाला, "असलं मी आठवड्याला ट्रकभर नेतो. सगळं जाळतात."

"आजपासून नेताना आधी माझ्या दारावरून ने," ती म्हणाली.

मित्रांनो, माझे मागणे तेवढेच आहे. फिरत्या यंत्राजवळ जाताना हातमोजा, अंगठी काढून ठेवा, सैल बाही दुमडा. आणि तुमच्या रस्त्यावर एखादे झाड आपणहून पडले, तर ट्रक येण्याआधी त्याच्यापाशी जा. बोटाच्या पेराने ठोठावा आणि कान द्या. जवळपास कुणी कातारी असेल तर त्याला बोलवा. त्याच्या कोपऱ्यात माझ्यासारखे कुणी गंजत पडले असेल तर दोन थेंब तेल घाला. पडलेले लाकूड थोडे दिवस वाट पाहते. मीही पाहतो. पण फार दिवस नाही.